तांदळाचा कौल

"मूठ भरून टाक गं. चिमटीनं काय टाकतीस, चिमण्यांना घालायचंय का?" हौसाक्का म्हणाली आणि सभामंडपात हसू फुटलं.

जिला म्हणाली ती कमल. बिचारी ओशाळली. पदराच्या गाठीत बांधून आणलेले सगळे तांदूळ तिनं देवीपुढच्या पाटावर ओतले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "माझी आडवी."

"झालं. कमलची आडवी. आता पुढची कोण?"

पौषातला मंगळवार होता. आमच्या आंबेकुंडात जोगेश्वरीचं देऊळ आहे आणि आम्ही तिथले गुरव. झाडलोट, दिवाबत्ती, फुलं-पाणी सगळं आमच्या घराकडे. माझे मालक गेल्यापासून पूजा माझा मुलगा दिगंबर करायचा. ज्या दिवशी त्याच्याच्यानं होण्यासारखी नसे त्या दिवशी मी चुलतदिरांना निरोप धाडायची आणि ते काही न विचारता सोवळं नेसून यायचे. का, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. मी त्या मंगळवारी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून वाती वळत होते. बोलण्याचं काम हौसाक्काचं. ती पाच वर्षं पंचायतीत मेंबर होती, आणि तिचा आवाज असा की सभामंडपात बोलली तर पारावर ऐकू जावं.

गावात देशी दारूचं दुकान होतं, अगदी एसटीच्या थांब्याला लागून. ते बंद करायचं तर गावातल्या बायकांनी मतदान करायचं, असा सरकारचा नियम. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. एक बाटली उभी, एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान राहू दे, आडवीवर मारला तर बंद करा. आम्ही आधी सह्या-अंगठे गोळा करून अर्ज दिला होता, साहेब येऊन तपासणी करून गेले होते आणि पुढच्या आठवड्यातला बुधवार मतदानाला ठरला होता.

तांदळाची युक्ती हौसाक्काची. "सह्या केल्या त्या सायबासाठी," ती म्हणाली होती. "आता देवीपुढं मूठ टाका. म्हंजे कोण कुठं हाय ते आपलं आपल्याला कळंल. आन देवीपुढं बोललेलं कोण फिरवणार न्हाई."

पाटावरचा ढीग संध्याकाळपर्यंत पाटाखाली उतरला. मी खाली धुतलेलं लुगडं अंथरलं.

माझी सून कुंदा खांबाला टेकून उभी होती. बारावीपर्यंत शिकलेली, माहेर शहराजवळचं. ती हळूच पुढं आली. "हौसाक्का, मूठ टाकली तरी बुधवारी शाळेत यावं लागेल हं सगळ्यांना. साहेब काय म्हणाले ते आठवतंय ना? यादीत जितक्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडायला हवीत. आलेल्यांच्या निम्मी नाही, यादीतल्या. म्हणजे जी घरी बसेल ती उभ्या बाटलीकडे धरली जाणार."

"येतील गं बाई. देवीला शब्द दिल्यावर कोण घरी बसंल?"

"नाही, पण सांगत राहायला पाहिजे."

"तू सांगत राहा," हौसाक्का म्हणाली, "मी मोजत राहते." पुन्हा सगळ्या हसल्या. कुंदाही हसली, पण तिचं लक्ष त्यात नव्हतं.

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली. मी एकभुक्त असते, माझं जेवण दुपारीच झालेलं, म्हणून मी तिच्याजवळ नुसती बसले. तिनं दोन भाकऱ्या भाजल्या. तिसरी तव्यावर टाकून म्हणाली, "आई, मला दिवस गेलेत. चौथा लागलाय."

माझे हात आपोआप जोडले गेले. मग मी तिच्याकडे पाहिलं आणि तसेच खाली घेतले. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं गेलं होतं. दिगंबर पिऊन आला होता, वाट सोड म्हणून त्यानं तिला नुसतं बाजूला सारलं आणि ती उंबऱ्यावर पडली. त्याच्या मनात काही नव्हतं. दवाखान्यात तो तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला होता. महिनाभर दुकानाकडे फिरकला नाही. मग फिरकला.

"बुधवारी बाटली आडवी झाली तर मी इथंच बाळंत होईन," कुंदा म्हणाली. "माहेरीसुद्धा जायची नाही. नाही झाली तर मात्र मी जाईन आई, आणि परत यायची नाही. माहेराहून अण्णा कधीचे बोलावतायत. मी त्यांना बुधवारपर्यंत थांबा म्हटलंय."

"दिगूला सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"त्यांनाच विचारा."

तो ओसरीवर बसला होता. त्या दिवशी प्यायलेला नव्हता, पण हात मांड्यांखाली दाबून बसला होता. न घेतल्यावर ते थरथरायचे. मी शेजारी जाऊन बसले.

"आई, पाडा ती बाटली," तो म्हणाला. "मी शपथा किती घातल्या ते तुला माहीत आहे. तुझ्या देवीच्या घातल्या, तुझ्या घातल्या. दळण आणायला म्हणून निघतो बघ, आणि पाय तिकडं जातात. दुकान नसलं तर तालुक्याला जावं लागेल. तेवढं लांब जायला मला लाज वाटेल. इथं वाटत नाही, कारण इथं सगळेच आहेत." मग म्हणाला, "बायकांच्या हातात दिलंय ना सरकारनं? मग करा की एकदाचं."

इतक्या मोकळेपणानं तो त्याआधी कधी बोलला नव्हता. त्या रात्री मी देवीला काही मागितलं नाही. मागून झालेलंच होतं, ढीग पाटावर होता.

त्या आठवड्यात गावात दुसरा विषय नव्हता. रोज दिवेलागणीला बायका यायच्या, मूठ टाकायच्या, "माझी आडवी" म्हणायच्या. जी आली नाही तिचं नाव दुसऱ्या दिवशी नळावर निघायचं. ती हंडा घेऊन आली की बाकीच्या गप्प व्हायच्या. एवढंच, कोणी वाईट बोलायचं नाही. पण त्या गप्प होण्यानंच दोन दिवसांत तिचे पाय देवळाकडे वळायचे. दुकानवाल्या शेठच्या भावकीतली एक थोराड बाई तर अंधारात आली. पदर कपाळाच्या खाली ओढून मूठ टाकली आणि मला म्हणाली, "काकी, मी आले होते एवढं उद्या नळावर सांगा."

मी सांगितलं. कुंदानं ते ऐकलं.

"आई, ह्यातल्या किती जणी लाजेखातर टाकून गेल्या असतील हो?"

"देवीपुढं लाजेनं केलेलंही देवीला पोचतं."

"देवीला पोचेल. पण शाळेत पोचायला हवं ना."

मला ते बोलणं थोडं टोचलं, खरं सांगायचं तर. पण पोर चुकीचं बोलत नव्हती.

शनिवारी तालुक्याहून एक वार्ताहर मोटरसायकलवर आला. चप्पल काढून आत आला, ढिगाचा फोटो काढला, हौसाक्काला त्याच्या शेजारी बसवून आणखी एक काढला. "किती असतील मावशी?" त्यानं विचारलं.

"मोजता का येतंय? अख्खं गाव हाय त्यात," हौसाक्का म्हणाली.

सोमवारी पेपरात आलं. आंबेकुंडच्या महिलांचा कौल ठरला, बाटली आडवी होणार. पिठाच्या गिरणीत एकानं मोठ्यानं वाचून दाखवलं, मग पेपर हातोहात फिरला. पारावरची माणसं म्हणू लागली, दुकानाच्या जागी आता कापडाचं दुकान येणार की रसवंती. दुकानातला माणूस पलीकडच्या गावात भाड्यानं गाळा शोधतोय, असंही कोणी म्हणालं. खरं होतं की नाही कोण जाणे. पण सोमवारी संध्याकाळी आमच्या गावाचं जिंकून झालं होतं, हे मात्र खरं. बायका देवळात आल्या त्या बेत ठरवायला. गुलाल किती आणायचा, त्या तांदळाचा मसालेभात करायचा की खिचडी.

मंगळवारी सकाळी घरोघर शेवटची फेरी काढायची असं आधी ठरलं होतं. हौसाक्कानं ती रद्द केली.

"कशाला उगा?" ती म्हणाली. "दारोदार हात जोडत फिरलो तर लोकांना वाटंल आपण घाबरलोय. पेपरात आलंय आता."

"हौसाक्का, पेपरवाला चिठ्ठी टाकणार नाही," कुंदा म्हणाली.

"तुझा बायांवर भरवसा न्हाई का गं?"

कुंदा एकटीच फेरीला निघाली. मी तिच्याबरोबर गेले, कारण तिनं त्या दिवसांत इतकं चालू नये असं मला वाटत होतं आणि नको म्हणायचं धाडस नव्हतं. दारोदार तेच ऐकू आलं. येणार की. हो बाई, येणार. बायजाआजी अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिच्या दोन्ही मुलांना दारूनं नेलं होतं, मोठ्याला विहिरीत आणि धाकट्याला दवाखान्यात. ती म्हणाली, "किती वेळा इचारशील पोरी? मी आडवीच हाय. माझ्याइतकी आडवी गावात कोण न्हाई."

"उद्या शाळेत या आजी, मी न्यायला येते."

"आगं, माझी मूठ बघितलीस न्हवं?"

"बघितली आजी. मोठी होती."

"मग झालं तर."

आम्ही पुढच्या घरी गेलो.

बुधवारी मी पहाटे पूजेची तयारी केली, दिगंबरनं पूजा केली. बऱ्याच दिवसांनी त्याचे मंत्र मला गाभाऱ्याबाहेर नीट ऐकू आले. मग आम्ही तिघं शाळेत गेलो. रांग लागली होती, रस्त्यापर्यंत. नवी लुगडी, नाकात नथी, कोणी तर हळदीकुंकवाचं ताट घेऊन आलेली. हौसाक्का रांगेच्या कडेनं फिरत होती, जशी लग्नात वरमाई फिरते. माझा नंबर आला तेव्हा बोटाला शाई लागली. आडोशाला गेले, आडव्या बाटलीवर शिक्का मारला, चिठ्ठीची घडी घातली. आयुष्यात इतक्या वेळा मत दिलं होतं, पण आपण काही करतोय असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

दिगंबर शाळेच्या कुंपणापाशी लिंबाखाली बसला. पुरुषांना आत जाऊ देत नव्हते. तो दिवसभर तिथंच बसला. मी डबा पाठवला तो त्यानं खाल्ला नाही.

दुपार झाली आणि रांग संपली. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, जेवायला गेल्या असतील. ऊन कलायला लागलं तरी एकएकटी बाईच येत होती. दारातला शिपाई खुर्चीवर पेंगायला लागला. कुंदा आत जाऊन मतदानाच्या टेबलावरच्या बाईंना विचारून आली, किती झालं. त्यांनी सांगितलं नाही, सांगायचं नसतंच. पण तिचा चेहरा उतरला होता.

"हौसाक्का, चला, पुन्हा एकदा घरोघर जाऊ."

"येतील गं. कामं आवरून येतील."

"पाचला दार बंद होतं."

कुंदा निघालीच. या खेपेला मी तिला हाताला धरून थांबवायला गेले, पण तिनं माझा हात बाजूला केला, हळूच, आणि गेली. बऱ्याच घरांना कड्या होत्या. पौषात आमच्याकडे कांद्याची लागण असते; बायकांच्या टोळ्या ठरल्या रकमेवर उक्ती लागण घेतात आणि भल्या पहाटे जीपमध्ये बसून लांबच्या शिवारात जातात. जी घरं उघडी होती तिथून तिनं जमतील तेवढ्या आणल्या. दोघींना तर ओट्यावरून उठवून आणलं. पाच वाजता शिपायानं दार लावलं तेव्हा ती दारातच उभी होती आणि तिच्यामागं गल्लीतून एक बाई पदर सावरत पळत येत होती. तिला आत घेतलं नाही.

मोजायला फार वेळ लागला नाही. साहेब पायरीवर आले. शांत माणूस होता, चष्मा पुसून बोलला.

"यादीत बायका साडेआठशेच्या आसपास. आडव्या बाटलीला साडेतीनशेच्या वर मतं पडली. उभ्या बाटलीला पंधरा-वीस. आडवीला निम्म्याहून जास्त लागत होती, ती पडली नाहीत. प्रस्ताव नामंजूर."

कोणाला काही कळलं नाही. एक बाई टाळ्या वाजवायला लागली होती. साडेतीनशे आणि पंधरा-वीस एवढंच तिनं ऐकलं होतं. शेजारणीनं तिचा हात धरला.

"म्हंजे आपण जिंकलो न्हवं?" हौसाक्कानं विचारलं.

"नाही ताई."

"पर तिकडं तर वीसच हायत."

"न आलेल्या सगळ्या तिकडं धरतात ताई. मी आलो होतो तेव्हा सांगितलं होतं."

मग बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दगा कोणी दिला? देवीपुढं मूठ टाकून फिरलं कोण? नावं निघाली, जिभेवर आली, दोन गल्ल्यांमध्ये तर जुनं वैरही निघालं. साहेब म्हणाले, "दगा कोणी दिलेला नाही. ज्या आल्या त्यांनी बरोबर मत दिलंय." पण त्यांचं कोणी ऐकत नव्हतं.

मी लिंबाकडे पाहिलं. दिगंबर उठला होता. त्यानं विजारीची माती झटकली, अगदी सावकाश, दोन्ही हातांनी. मी त्याला हाक मारली. माझा आवाज पहिल्यापासून बारीक. गलक्यात त्याला ऐकू गेली की नाही, आजवर मला माहीत नाही. तो घराच्या वाटेला लागला नाही. थोड्या वेळानं एसटीच्या थांब्याकडून फटाक्यांची माळ वाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीची फुलं वाहून झाली आणि मी बायजाआजीकडे गेले. गल्लीत सगळ्यांत जास्त बोलणं तिच्यावर आलं होतं, कारण तिला शाळेत कोणीच पाहिलं नव्हतं. आजी परवासारखीच शेंगा फोडत बसली होती.

"आजी, काल तुम्ही दिसला नाहीत."

"कुठं?"

"शाळेत."

"शाळेत कशाला?" तिनं खरंच विचारलं. "मी देवीला सांगून आले व्हते की. तुमच्यासमोरच टाकली मूठ. तुमची सून मला न्यायला आलती, तिला म्हनलं, बाई, माझं झालंय. तिला वाटलं मत देऊन झालं. गेली."

"पण आजी, मत शाळेत..."

"काकी, देवीच्या दारात बसता आन तुम्ही मला इचारता? देवीला एकदा सांगितलं, मग तिथं शाळेत जाऊन त्या सायबाला पुन्यांदा सांगायचं? म्हंजे देवीवर इस्वास न्हाई असं न्हाई का व्हत? माझी पोरं गेली तवा सायेब आला व्हता का? देवीपाशीच रडले न्हवं मी."

मी तिथं बसून राहिले. शेंगांची टरफलं वाऱ्यानं अंगणात फिरत होती. तिनं एक मूठ दाणे माझ्या हातावर ठेवले, "घ्या काकी, फराळाला चालतील," म्हणाली. त्या दिवशी गुरुवार, माझा उपास, हे तिला पाठ होतं.

परतताना कमल भेटली. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, डोक्यावर घमेलं. मी काही विचारायच्या आतच ती बोलायला लागली.

"काकी, मला शिव्या द्या. मी गेले व्हते लागणीला. पेपरात आलं व्हतं की जिंकलो म्हनून. म्हनलं, एवढ्या जणी जाणार हायत, माझ्या एकीनं काय अडतंय? एक दिवस मोडला तर टोळीतनं नाव जातंय. तर जीपमधी बसले आन बघते तर..." तिनं घमेलं सावरलं.

"काय बघतेस?"

"आमच्या सगळ्या गल्लीच्या बाया जीपमधी. सगळ्याजणी तेच म्हनत व्हत्या. माझ्या एकीनं काय अडतंय. वाटंत हसलो बी आम्ही, की आज गावात गुलाल आन आपण चिखलात." तिनं घमेलं खाली उतरवलं. "आमची एक जीप भरली असती ना काकी शाळेपुढं... एक न्हाई, तीन जीपा गेल्या काल गावातनं."

तिला शिव्या मी कशा देणार? तिच्या घरातसुद्धा संध्याकाळी भांडी फुटायची. मी तिला आजीनं दिलेल्या दाण्यांतले थोडे दिले आणि घरी आले.

कुंदा लुगडी घडी घालून पिशवीत ठेवत होती. दिगंबर ओसरीवर भिंतीकडे तोंड करून झोपला होता. रात्री कधी आला ते आम्हाला दोघींनाही नेमकं माहीत होतं, त्याबद्दल बोललो नाही. मी तिला आजीचं आणि कमलचं सगळं सांगितलं.

"म्हणजे कोणीच खोटं बोललं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं आई. कोणावर तरी चिडता आलं असतं."

तिनं पिशवीची चेन ओढली, ती अर्ध्यावर अडकली, तिनं पुन्हा ओढली. मी शेजारी बसून होते. मी थांब म्हटलं असतं तर ती थांबली असती. तशी होती ती. माझा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. म्हणूनच मी म्हटलं नाही. तिच्या पोटातल्याकडे बघून मी तोंड मिटून घेतलं. आयुष्यात मौन पुष्कळ पाळलं, पण ते एक मौन मला अजून जड आहे.

ती पाया पडायला वाकली तर मी तिला वाकू दिलं नाही. ओसरीवर ती क्षणभर थांबली. दिगंबर जागा होता, त्याची पाठ जागी होती. तो वळला नाही. एसटीत मीच तिला बसवून आले. दुकानासमोरच थांबा, दुसरीकडे उभं राहायला जागा नव्हती.

मुलगी झाली. बारशाला मी एकटी गेले, पाळण्याची दोरी ओढली आणि संध्याकाळच्या दिव्याला परत आले. दिगंबरला सांगितलं, नाक तुझ्यासारखं आहे. तो म्हणाला, "नाकच असू दे." पुढच्या वर्षी आषाढात तो गेला. पोटात पाणी झालं होतं. कुंदा आली, दिवस होईपर्यंत राहिली, सगळं नीट केलं आणि गेली.

त्यानंतर वर्षभरानं गावात पुन्हा मतदान झालं. या वेळी तांदूळ नव्हते. कोणीतरी नाव काढलं तेव्हा हौसाक्कानंच त्या बाईला गप्प केलं. सभा नाही, पेपरवाला नाही. आमच्यातल्या पाचसहाजणी रोज दुपारी निघायच्या आणि प्रत्येक घरी एकच विचारायच्या, त्या दिवशी तू कुठं असशील? कमलनं टोळीच्या मुकादमाला आधीच सांगितलं होतं की त्या दिवशी जीप आणलीस तर रिकामी नेशील. बायजाआजीला मी स्वतः हाताला धरून नेलं. वाटेत ती म्हणाली, "देवीला राग न्हाई ना येणार?" मी म्हणाले, "देवीनंच मला पाठवलंय." एवढं मी देवीच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

दुपारच्या एसटीतून कुंदा उतरली.

तिला कोणी कळवलं नव्हतं. मी शाळेच्या फाटकात उभी होते, ती सरळ आली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा बोटाला शाई होती.

"अगं, तू कशी काय?"

"माझं नाव अजून इथल्याच यादीत आहे आई. मी आले नसते तर माझं मत दुकानाला गेलं असतं."

"छकुली?"

"माझ्या आईकडे ठेवलीय. आता बोलते चांगलं. परवा मांजराला ए ये म्हणाली."

"घरी चल, चहा तरी घे."

ती घराच्या दिशेनं थोडी चालली, मग थांबली. "परतीची गाडी आहे चारची," म्हणाली. मी तिच्याबरोबर थांब्यापर्यंत गेले. दुकान त्या दिवशी बंद होतं, फळीवर कुत्रं झोपलं होतं. आम्ही दोघी तिकडे पाठ करून उभ्या राहिलो. ती म्हणाली, तुमचे गुडघे कसे आहेत. मी म्हणाले, बरे आहेत. मी म्हणाले, तुझी नोकरी. ती म्हणाली, अंगणवाडीत लागलेय, चांगलं आहे. बाटली पडली तर मी इथंच राहीन, असं ती एकदा म्हणाली होती. ते आम्हाला दोघींनाही आठवत होतं आणि आम्ही गुडघ्यांबद्दल बोलत होतो. गाडी आली. निकाल लागायच्या आतच ती गेली.

संध्याकाळी साहेब पायरीवर आले. दुसरे होते, तरुण. आडवीला साडेपाचशेच्या वर. या वेळी टाळ्या लगेच वाजल्या. हलगी कुठून आली कोण जाणे, गुलाल कोणी आणला होता तेही कळलं नाही. बायका नाचत होत्या. बायजाआजी नाचत होती, कमलची नवी सून नाचत होती. हौसाक्कानं गर्दीतून येऊन माझ्या गालाला गुलाल लावला, माझा चेहरा दोन्ही हातांत धरून सगळ्यांकडे फिरवला.

"काकी," ती म्हणाली, "आज तरी हसा की."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी हसले.